महिपतीची कविता

“शुद्धलेखन तेवढं बघा, बाई. भाव कसाबी असू दे, अक्षर चुकायला नको.”

महिपतीअण्णांनी निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्यापुढं ठेवली आणि ते शाळेच्या पायरीवर जाऊन बसले, माझ्याकडं पाठ करून. आपलं लिहिलेलं दुसरं कुणी वाचत असताना त्याच्या तोंडाकडं बघायला ते लाजत असावेत, असं मला वाटलं. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. ओसरीवर कुणाची तरी शेळी चढली होती आणि मुलांनी सांडलेले चुरमुरे टिपत होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. डी.एड. करून जांभूळखोऱ्याच्या शाळेत लागले त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. डोंगराच्या पोटातलं गाव, खाली भाताची खाचरं, वर काजूची झाडं. दिवसाला दोन एसट्या. सकाळी दहाची डोंगरापलीकडं शिरवलीला जायची आणि दुपारी चारची कोल्हापूरला. मी एका घराची पडवी भाड्यानं घेऊन राहत होते, आणि माझ्या पडवीपासून तिसरं घर महिपती चौगल्यांचं.

त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. वय छत्तीसच्या आसपास, सातवी शिकलेले, भजनी मंडळाचे मुख्य. पान नाही, तंबाखू नाही, आवाज कधी चढलेला नाही. दोन भावांत बांधावरून जुंपली की लोक अण्णांना बोलावत, आणि अण्णा दोघांच्या मध्ये बसून असं हळू बोलत की भांडणाऱ्यांनाच आपल्या आवाजाची लाज वाटायची. दिवेलागणीला त्यांच्या सोप्यातून भजन ऐकू यायचं. मंडळ नसलं तरी ते एकटेच टाळ घेऊन बसत. मी स्टोव्हवर भात टाकून दारात येऊन ऐकत राहायची. परक्या गावात संध्याकाळ खायला उठते. त्या आवाजानं मला फार धीर दिला होता, हे कबूल करायला हवं.

वहीत कविता होती. अक्षर गोल, पेन्सिलीनं आधी लिहून मग शाईनं गिरवलेलं.

घरामध्ये वावरते
पाय वाजत नाहीत
माझी सावली पडता
उभी राही ती भिंतीत

वासराशी बोलते ती
कोंबड्यांना देते नाव
माझ्यापाशी येता मात्र
मुकं होतं सारं गाव

दार मीच लावियले
वारा लागेल म्हणून
दिवा जळे दोघांमधे
ती कोपऱ्यात अजून

मी दोनदा वाचली. चुका काढायला हातात लाल पेन घेतलं होतं, ते तसंच राहिलं.

“ही तुमच्या घरची का, अण्णा?”

“व्हय.” ते अजून पाठमोरेच होते.

“त्या घाबरतात तुम्हाला?”

“का घाबरती ते मला कळलं न्हाई, बाई. चार वर्षं झाली लग्नाला. हात उगारला न्हाई मी कधी. तिलाच इचारा. जनावर असतं तर चारा दाखवून जवळ आणलं असतं. माणसाला काय दाखवायचं?”

मला गलबलून आलं. मी म्हटलं, “तालुक्याला वाचनालयाचं कविसंमेलन आहे पुढच्या महिन्यात. ही तिथं वाचा.”

“ते बघू. आधी एक काम करा. दुपारी बायकांचा अक्षरांचा वर्ग घेता न्हवं तुम्ही? त्यात तिला घ्या.” आता ते वळले. चेहरा शांत, डोळे थोडे ओले. “तोंडानं सांगून पटत न्हाई तिला. वाचता आलं तर तिचं तिलाच कळेल.”

ते साल एक्क्याण्णवचं. सरकारी साक्षरता अभियान जोरात होतं आणि आमच्या शाळेत दुपारी दोन ते साडेतीन बायका शिकायला यायच्या. दुसऱ्याच दिवशी अण्णा स्वतः हौसाला सोडायला आले.

हौसा एकवीस वर्षांची होती. बारीक अंगाची, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मी पुढं बसायला सांगितलं तरी ती दाराच्या चौकटीला टेकूनच बसली आणि पुढंही रोज तिथंच बसायची. एकदा वाऱ्यानं धूळ आत यायला लागली म्हणून बाळाबाईनं दार लोटलं. बाळाबाई पन्नाशीची विधवा, वर्गात सगळ्यांची चेष्टा करणारी. दार लोटलं तशी हौसा ताडकन उठली.

“मला घरला जायाचं.”

“अगं, आत्ताच तर आलीस.”

“जायाचं मला.”

मी दार उघडलं. ती पुन्हा बसली, पण दार लागू नये म्हणून एक हात फळीवर ठेवूनच. बाळाबाई हसून म्हणाली, “नशीबवान बाई ही. नवरा न्यायला येतो, पोचवायला येतो. आमाला कोन इचारत हुतं?” सगळ्या हसल्या. मला मात्र त्या वेळी कविता आठवली आणि मनात आलं, हिला असं काहीतरी होतं हे अण्णांना केवढं नेमकं कळलंय.

ती शिकायला फार तल्लख निघाली. बाकीच्या बाया ‘कमल’, ‘नथ’ गिरवत होत्या तेव्हा ही जोडाक्षरांपर्यंत पोचली. एक दिवस जवळ येऊन म्हणाली, “बाई, शिरवली लिवून द्या. एसटीच्या पाटीवर असतंय तसं. आनि कोल्हापूरबी.” मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं. माहेरचं नाव लिहायची हौस, असं समजले. साडेतीनला अण्णा फाटकाशी उभे असत. त्यांना बघितलं की ती पाटी माझ्या टेबलावर ठेवायची आणि काही न बोलता चालायला लागायची. चार पावलं मागून अण्णा.

कविसंमेलनाला मी अण्णांबरोबर गेले होते. त्यांनी कविता चालीवर म्हटली. शेवटचं कडवं संपलं तेव्हा सभागृहात कुणी हललं नाही. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की अण्णा गोंधळून हात जोडत उभेच राहिले. माझ्या शेजारच्या एका वयस्कर बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “कसली दगडाच्या काळजाची बायको असेल.” मी मान डोलावली. मी मान डोलावली होती, हे मला नीट आठवतं.

पुढच्या रविवारी एका दैनिकाच्या पुरवणीत कविता छापून आली. दूध संस्थेच्या फळ्यावर कुणीतरी ते कात्रण चिकटवलं.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी साडेनऊला मी शाळेचं कुलूप काढत होते. मुख्याध्यापक देसाईगुरुजी अजून यायचे होते. मागच्या बाजूनं, दगडी गडग्यावरून उडी टाकून हौसा आली. हातात एक पिशवी होती.

“बाई, गाडी येईस्तवर मला आत बसू द्या. थांब्यावर त्यांचं चुलतभाऊ बसल्यात.”

“कुठं निघालीस?”

“शिरवलीला. आईकडं.”

“अण्णांना सांगून आलीस?”

तिनं पिशवी पोटाशी धरली.

“काय झालं? मारलं का त्यांनी?”

“न्हाई. मारत न्हाईत.”

“सासू जाच करते?”

“न्हाई.”

“मग कशासाठी निघालीस, हौसा?”

“मला भ्या वाटतंय, बाई.”

“कशाचं?”

तिला शब्द सापडत नव्हते की सांगायची लाज वाटत होती, कोण जाणे. शेवटी म्हणाली, “दिस मावळायला लागला की भ्या वाटतंय.”

मी तिला बाकावर बसवलं आणि समजावायला लागले. मी बिनलग्नाची चोवीस वर्षांची पोरगी. नवरा-बायकोविषयी मला पुस्तकात होतं तेवढंच माहीत. म्हटलं, तो माणूस तुझ्यावर कविता लिहितो. साऱ्या जिल्ह्यानं वाचली ती. असा नवरा कुणाला मिळतो? तू एकदा त्यांच्याशी मोकळेपणानं बोल. ती ऐकत होती की नाही, माहीत नाही. तिचं लक्ष खिडकीतून रस्त्याकडं होतं.

“बरं, इथं नको, कुणीतरी बघेल,” मी म्हटलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं. तिथं नकाशे, वजनकाटा आणि मोडकी बाकं असायची. “दहा मिनिटं बस. मी आलेच.”

मी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. मुलं यायची वेळ झाली होती, कुणी चुकून उघडू नये म्हणून. आतून ती काहीतरी म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही आणि मी थांबलेही नाही.

अण्णा शाळेच्या वरच्याच शेतात होते. भाताची रोपं टाकायच्या तरव्याची जमीन भाजण्यासाठी पाला गोळा करत होते. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं. पाल्याची पाटी बाजूला ठेवली, घागरीतलं पाणी घेऊन हातपाय धुतले, तोंड पुसलं आणि माझ्याबरोबर निघाले. वाटेत एवढंच म्हणाले, “गावात बोलू नका, बाई. तिची लाज जाईल.” किती समजूतदार माणूस, मला वाटलं.

मी कडी काढली. हौसा गुंडाळलेल्या नकाशांच्या मागं, भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचे डोळे माझ्यावर होते. अण्णांवर नव्हते, माझ्यावर.

“चल हौसा,” अण्णा म्हणाले. “भाकरी निवायला लागलीय.”

दहाची गाडी रस्त्यावरून निघून गेल्याचा आवाज आला. ती पिशवी उचलून त्यांच्या मागं चालू लागली. फाटकातून अण्णा मागं वळले. “उपकार झाले, बाई.”

त्या संध्याकाळी भजन नेहमीपेक्षा बराच वेळ चाललं. एकच अभंग त्यांनी दोनदा घेतला. मी दारात बसून ऐकला.

त्यानंतर हौसा वर्गाला आली नाही. एक दिवस, दोन दिवस, मग आठवडा झाला. अण्णा वाटेत भेटले की म्हणत, “बरं न्हाई तिला.” बाळाबाईला विचारलं तर ती पाटी पुसत बसली. पाटी कोरीच होती.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी जेवून मी त्यांच्या घरी गेले. अण्णांची आई अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती.

“हौसा कशी आहे, आजी?”

“निजलीया. अंग दुकतंय तिचं.”

“बघून येते.”

“नगं. महिपती रानात गेलाय. त्यो आल्यावर या.”

ती मला अडवायला उठली नाही. पण तिची नजर सोप्याच्या पलीकडं, माजघराला लागून असलेल्या एका दारावर गेली आणि झटकन परत बियांवर आली. मी चपला काढून सोप्यात गेले.

दाराआडून कुणीतरी वाचत होतं. पहिलीची मुलं वाचतात तसं, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

“घ... रा... म... ध्ये. घरामध्ये. वा... व... र... ते.”

“हौसा?”

आवाज थांबला. “बाई?”

“हे कुठून आलं तुझ्याकडं?”

“त्यांनीच दिलं. फटीतनं आत सारलं. म्हनले, वाचून काढ, म्हंजे तुझं तुलाच कळंल.” ती दाराजवळ सरकली असावी, आवाज जवळून यायला लागला. “परवापास्नं वाचतीया. दोन कडवी झाली. तिसऱ्याचं काय कळंना. वाचू?”

तिनं वाचलं.

“दार मीच ला-वि-य-ले. वारा लागेल म्ह-णू-न.” ती थांबली. “बाई, वाऱ्यापायी कडी बाहेरनं घालत्यात व्हय?”

तेव्हा मी दाराकडं बघितलं. लोखंडी कडी कोयंड्यात अडकवलेली होती आणि तीत एक लाकडी खुंटी ठोकलेली होती. खुंटी नवी नव्हती. हात लागून लागून गुळगुळीत झाली होती.

“किती दिवस आहेस आत?”

“तुमी पोचवलं तवापास्नं. सकाळचं मागं परसात सोडत्यात, सासूबाई संगं असत्यात. मग परत.”

“का?”

“भ्या जावं म्हनून.” ती हे एखादी रीत सांगावी तसं सांगत होती. “लगीन झालं तवा मी लई रडायची. पयल्याच आठवड्यात माळ्यावर चढून बसले. तवा म्हनले, भ्या गेल्याबिगर दार उघडायचं न्हाई. दिवा लावत्यात, कडी घालत्यात आनि भाईर बसून भजन म्हनत्यात. मी रडायची थांबली की आत येत्यात. न्हाई थांबली तर भजन सुरूच. चार वर्षं झाली.” मग हलक्या आवाजात म्हणाली, “टाळ वाजला की माझ्या अंगाला कापरं भरतंय, बाई.”

मी किती संध्याकाळी भाताचा वास घेत, चौकटीला टेकून ते भजन ऐकलं होतं, ते माझ्या डोक्यात आलं. खुंटी घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी ओढून काढली. दार उघडलं. आत खिडकी नव्हती. वरती एक काचेचं कौल होतं, त्यातून उजेडाचा चौकोनी तुकडा भुईवर पडला होता आणि त्या तुकड्यात कात्रण पडलं होतं. ती तेवढ्या उजेडात वाचत होती.

“चल,” मी म्हटलं.

अंगणात म्हातारी उभी होती. “बाई, त्याला इचारल्याबिगर नगा नेऊ. त्यो वरडत न्हाई, मारत न्हाई. पर त्येचं गप बसनं मलाबी सोसत न्हाई.” आम्ही तिच्या बाजूनं निघालो तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

चारला दहा मिनिटं होती. शिरवलीची गाडी आता नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता. वाटेत हौसानं सांगितलं, दोनदा ती माहेरी पोचली होती आणि दोन्ही वेळा भावानं परत आणून सोडलं होतं. “महिपतीसारखा देवमानूस,” भाऊ म्हणाला होता, “तुला काय खुपतंय?” माझी आई कोल्हापुरात मुलींच्या एका वसतिगृहाचा स्वयंपाक बघायची. तिच्याकडं जायचं मी चालता चालता ठरवलं.

थांब्यावर पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढं गेली होती. चुलतभाऊ उठून उभा राहिला. वर्गातल्या दोन-तीन बाया, दूध घालायला आलेली माणसं, आणि देसाईगुरुजीही होते. पाचच मिनिटांत अण्णा आले. धावत नाही, नेहमीच्याच चालीनं. पायाला माती होती, या वेळी ती धुवायला ते थांबले नव्हते.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही तर कविता वाचली माझी. तुम्हाला तरी कळायला पायजे हुतं.”

“कडी काढली मी, अण्णा.”

“घरातली गोष्ट हाय ती.” ते लोकांकडं वळले. “सगळ्यांच्या देखत इचारतो. हौसा, मी तुला मारलं कधी?”

“न्हाई,” हौसा म्हणाली.

“उपाशी ठेवलं?”

“न्हाई.”

“वाईट शब्द बोललो?”

“न्हाई.”

त्यांनी हात पसरले. गुरुजी मला म्हणाले, “बाई, तुम्ही नव्या आहात. कुणाचं घर मोडायचं पाप घेऊ नका डोक्यावर.” चुलतभाऊ एक पाऊल पुढं आला. मी हौसाचं मनगट धरलं होतं. तिनं ते हळूच सोडवून घेतलं. मला वाटलं, संपलं, आता ही परत जाते.

ती पदर मागं सारून बायकांकडं वळली. पुरुषांकडं बघितलंही नाही.

“तुमी समद्या रोज सांजचं भजन ऐकताय. कवा सुरू हुतंय त्ये ठाव हाय? माझ्या दाराला कडी घातल्यावर. कवा थांबतंय? मी रडायची थांबल्यावर. परवा रात पडली तरी चालू हुतं. बाळाक्का, तुमचं घर लागून हाय. तुमी सांगा, खरं का खोटं.”

बाळाबाई काही बोलेना. कुणी खाली बघत होतं, कुणी रस्त्याकडं. मला त्या गप्प बसण्यातून उमगलं की शेजारच्या दोन घरांना तरी हे ठाऊक होतं. भजनाच्या पलीकडचं त्यांना ऐकू येत होतं, आणि त्यांनीही माझ्यासारखाच भात शिजवला होता.

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

“जाऊ दे,” अण्णा चुलतभावाला म्हणाले. आवाज तोच, मऊ. “जाईल कुठं? येईल परत.”

गाडी थांबली. चुलतभाऊ तरी दाराशी जाऊन उभा राहिला. तेव्हा बाळाबाई पुढं आली. तिनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं, एसटीच्या दाराची दांडी धरून उभी राहिली आणि म्हणाली, “चढ गं. म्या ऐकलंय. रोज ऐकलंय. चढ तू.”

घाट उतरल्यावर मी म्हटलं, “हौसा, त्या मंगळवारी अण्णांना बोलवायला मीच गेले होते.”

“ठाव हाय.”

“आणि त्या खोलीला मी बाहेरून कडी घातली होती.”

“आवाज आला हुता.”

“मग आज माझ्याबरोबर कशी आलीस?”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. “आज कडी काढाय दुसरं कोन आलं हुतं, बाई?”

मी तिकिटं मुठीत धरून बसून राहिले.

आईनं तिला काही विचारलं नाही. पहिले पंधरा दिवस हौसा स्वयंपाकघरात दार सताड उघडं ठेवून झोपायची, आणि आई तिच्यासाठी तिथंच अंथरूण टाकायची. मग ती वसतिगृहातल्या मुलींच्या चपात्या लाटायला लागली, आणि दुपारी त्याच मुलींकडून पुस्तकं मागून वाचायला लागली. माझ्याविरुद्ध गावानं अर्ज केला. जूनमध्ये माझी बदली पार दुसऱ्या टोकाला झाली. गुरुजींनी निरोपाचा नारळ दिला, पण माझ्याकडं बघितलं नाही. जांभूळखोऱ्यात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. एवढंच कळलं की अण्णांची कविता पुढं आणखी दोन ठिकाणी छापली गेली आणि त्यांना तालुक्यातून बोलावणी येऊ लागली. भजन मात्र त्यांनी घरी म्हणायचं सोडलं, म्हणे.

तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, मी आईकडं असताना ते आले. सकाळची अकराची वेळ. धुतलेलं धोतर, काखेत पिशवी. केस बरेच पांढरे झाले होते. मी दारात उभी राहिले, त्यांना आत या म्हटलं नाही.

“भांडायला आलो न्हाई, बाई. सोडचिठ्ठीच्या कागदावर सही केलीय मी, तुमच्या वकिलानं पाठवला त्या. एकदा तिला भेटू द्या. एवढं एक द्यायचं हाय.”

हौसा मागून आली. हाताला पीठ लागलेलं होतं. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान डोलावली. दोघं ओसरीवर बसली, ते एका टोकाला, ती दुसऱ्या. मी उंबऱ्यात. त्यांनी पिशवीतून कागद काढला.

“नवी लिहिलीय. म्हणून दाखवतो.”

“नगं,” ती म्हणाली. “द्या हिकडं.”

तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि कागद घेतला. तिला आता बोट ठेवायला लागत नव्हतं. डोळे ओळीवरून सरळ पुढं जात होते. मोठी कविता होती, दोन्ही बाजूंना लिहिलेली. तिनं कागद उलटला, दुसरी बाजू वाचली. अण्णा तिच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होते, एखाद्या परीक्षेच्या निकालाकडं बघावं तसं.

वाचून झाल्यावर तिनं घडी घातली.

“बरी हाय. तुमचं दुक्क चांगलं उतरलंय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “पर ह्यातबी मी गपच हाय. त्या येकीतबी गप हुते.”

“तू बोलतच नव्हतीस, हौसा.”

“बोलत हुते की. चार वर्षं रोज बोलत हुते. दार उघडा म्हनत हुते.” तिनं कागद त्यांच्यापुढं ठेवला. “तेवढं येकदा लिवा.”

अण्णा त्या घडीकडं बघत राहिले. हौसा उठली आणि आत निघून गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज यायला लागला, एका लयीत. ते तो ऐकत बसले. मग कागद न उचलताच उठले आणि गेले.